इंजेक्शननंतरची दहा मिनिटं

लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करायचं औषध, टोचल्यावर दहा मिनिटं थांबावं लागतं. खोंड खोड्यात उभं असतं, मालक वेसण धरून उभा असतो, खच्चीकरणाचा चिमटा बादलीत पडलेला असतो आणि कुणालाच काही काम नसतं. प्रश्न नेमका तेव्हा येतो. "डॉक्टर, आधीचे डॉक्टर असलं काही करत नव्हते. यायचे, चिमटा लावायचे, कट्ट वाजायचं, चहा घेऊन जायचे. जनावराला खरंच एवढं दुखतं का हो? म्हणजे आपल्यासारखं?"

विचारणारा चाळिशीतला असतो. त्याला आठवत नसतं, पण त्याच्या वडलांच्या बैलांना चिमटा लावून चहा घेऊन गेलेला तो आधीचा डॉक्टर मीच. तेव्हा केस काळे होते आणि बुडाखाली राजदूत मोटरसायकल होती.

लग्नाच्या पंगतीतही हाच प्रश्न. एसटीत शेजारच्याला कळलं की मी गुरांचा डॉक्टर, तर त्यानं तिकिटाचे सुटे पैसे खिशात घालायच्या आत हाच प्रश्न. पुण्याची भाची तो उलटा करून विचारते, "मामा, तुला तर माहितीये त्यांना दुखतं. मग तू मटण कसं खातोस?" शाळेत बोलावलं की सहावीतली एखादी मुलगी विचारते, आणि तिथं माझ्याआधी गुरुजीच उत्तर देऊन मोकळे होतात. नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं मी "नाही हो, तेवढं नाही" असं सांगत होतो. नंतर "हो, दुखतं" म्हणायला लागलो. दोन्ही वेळा विचारणारा मान हलवून गप्प बसला. म्हणून आता एकदा सगळंच लिहून टाकतो. पुन्हा कुणी विचारलं तर हे हातात देईन.

आधी एक सांगतो, राग मानू नका. हा प्रश्न बेंदराच्या आदल्या संध्याकाळी मला कधीच कुणी विचारलेला नाही. त्या दिवशी घरातला बाप्या माणूस लोणी-हळद घेऊन बैलाचा खांदा मळत बसतो, जुवानं पडलेल्या घट्ट्यावरून बोटं हळू फिरवतो आणि स्वतःशीच म्हणतो, लई वढलं रं बाबा यंदा. तेव्हा त्याला शास्त्र लागत नाही. औताला जुंपताना बैल अडला तर तोच माणूस सांगतो, "आज त्याचं मन न्हाई." मन! हा शब्द मी कॉलेजच्या पाच वर्षांत जनावराला लावलेला एकदाही ऐकला नाही आणि गोठ्यात रोज ऐकला. प्रश्न पडतो तो इंजेक्शनचे शंभर रुपये द्यायचे असतात तेव्हा, किंवा दहा मिनिटं थांबायचं असतं तेव्हा. म्हणजे तुम्हाला माहिती नको असते. परवानगी हवी असते, आणि ती पदवीवाल्याच्या तोंडून हवी असते. मी ती बरीच वर्षं देत होतो, त्यामुळे तुम्हाला बोलायचा मला फारसा अधिकार नाही, हेही खरं.

आम्हाला भूल शिकवली नव्हती असं नाही. उत्तम शिकवली. कुठली नस कुठून जाते, सुई किती आत, औषध किती. पण ती कशासाठी, हे मी जे समजलो ते असं: जनावर हलू नये, डॉक्टरला लाथ बसू नये. भूल बैलासाठी नव्हती, माझ्या बरगड्यांसाठी होती. त्यामुळे जिथं दोर, खोडा आणि चार दांडगे गडी मिळतील तिथं भुलीची गरजच काय? खच्चीकरण हे त्यातलंच. पूर्वी बैल बडवायचे, म्हणजे खरोखर बडवायचे, पाडून, दोन लाकडांत धरून. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना 'बडवणे' हे क्रियापद सहज वापरता येत नाही. त्यापुढे आमचा चिमटा म्हणजे केवढी सुधारणा! इटलीतल्या बर्डिझो नावाच्या पशुवैद्यानं काढलेला. कातडी फाटत नाही, रक्ताचा थेंब नाही, आत फक्त वृषणाची नाडी चेचली जाते. एका बाजूला दोनदा, दुसऱ्या बाजूला दोनदा. कट्ट, कट्ट. मी लोकांना अभिमानानं सांगायचो, "बघा, रक्तसुद्धा नाही." आणि रक्त नाही म्हणजे दुखणं नाही, हे मी न म्हणताच सगळ्यांना पटायचं. मलाही.

त्यात गाय-बैल हे प्राणी असे की सांगत नाहीत. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तर गल्ली गोळा होते. बैलाच्या पोटात तार गेलेली असते आणि तो उभाच असतो. ज्याला वाघ-लांडगे खातात त्यानं आपण जायबंदी झालोय हे जाहीर करून भागत नाही, असं त्याचं कारण सांगतात. बघायचं असेल तर बारीक बघावं लागतं: रवंथ थांबलेलं असतं, दात करकर वाजत असतात, कान मागं पडलेले, पापणीच्या वर कातडी आवळलेली, वैरण हुंगून सोडलेली. माझ्याआधी हे गोठ्यातल्या बायकांना दिसतं. "ह्यो सकाळधरनं भिंतीकडं तोंड करून उभा हाय" एवढं एका बाईनं सांगितलं की निम्मं निदान झालं.

आता ते एक सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

१९९४ चा मे महिना संपत आलेला. माणदेशातली एक वाडी, नाव राहू दे. खिलार बैल, जुळलेला, आठेक वर्षांचा, हौश्या म्हणायचे त्याला. उजवं शिंग ढिलं झालं होतं. तो डोकं त्या बाजूला कलतं धरायचा, दावणीच्या खुंट्यावर शिंगाचं बूड घासत राहायचा, उजव्या नाकपुडीतून रक्तमिश्रित शेंबूड. शिंग धरून हलवलं तर दाढ हलावी तसं हललं. शिंगाचा कॅन्सर. आपल्याकडच्या बैलांत हा रोग नवा नाही, पाच ते दहा वर्षांच्या ऐन कामाच्या बैलालाच तो बहुतेक गाठतो. इलाज एकच, शिंग बुडापासून काढणे आणि आत जे वाढलंय ते खरवडणे. मृग पंधरा दिवसांवर आला होता. मालकाच्या चेहऱ्यावर पेरणीच दिसत होती.

शिंगाची नस डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडाकडे जाते. मध्ये हाडाची एक कड हाताला लागते, तिच्या खाली सुई घालायची. एवढ्या मोठ्या शिंगाला तेवढ्यानं भागत नाही, बुडाभोवती गोल टोचत जावं लागतं. माझ्या बाटलीच्या तळाशी चार-पाच मिली लिग्नोकेन उरलं होतं. होतं तेवढं नसेवर दिलं. मग झायलाझिन दिलं. त्यानं बैल सुस्त होतो, मान टाकतो, लाळ गाळतो, गुडघ्यावर बसतो. हौश्या बसला. दोघांनी मागून दाबला, आणि डोक्याशी मालकाची आई बसली. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. उठायलाही कुणी सांगितलं नाही.

शिंग तारेनं कापतात. दोन मुठी, मध्ये पीळ घातलेली तार, इकडून तिकडे ओढत राहायचं. तार तापते, धूर निघतो, केस जळल्यासारखा वास येतो. आम्ही बुडाशी, कातडीलगत तार लावली. पहिल्या दोन-चार ओढींतच हौश्याचं सगळं अंग शहारलं, एखाद्या तळ्यावरून वारा गेल्यासारखं, मानेपासून शेपटीपर्यंत. आणि तोंड न उघडता त्यानं एक आवाज काढला. हंबरणं नव्हे. जड ओझं उतरवताना माणसाच्या पोटातून निघतो तसला.

"डाक्टर, जागा हाय त्यो," आजी म्हणाली.

"जागा नाही, आजी. औषधात आहे. अंग हलतं, त्याला कळत नाही काही."

"डोळ्यातनं पाणी चाललंय की त्येच्या."

"ते औषधानं येतं."

झायलाझिननं लाळ येते हे मला माहीत होतं. डोळ्यांतून पाणी येतं असं मी कुठंही वाचलेलं नव्हतं. पण मी ते इतक्या ठामपणे बोललो की मागं दाबून बसलेल्या दोघांनी मान डोलावली. आजीनं काही म्हटलं नाही. तिनं पदराचा शेव घेतला आणि बैलाच्या त्या डोळ्यावर ठेवला. नंतर सगळा वेळ तो पदर तिथंच होता, आणि मला तो डोळा दिसेनासा झाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

शिंग निघालं. जड असतं ते, हातातून निसटून पडलं तेव्हा जमिनीवर थडकल्याचा आवाज झाला. रक्ताची चिळकांडी उडाली, ती चिमट्यानं धरली. आता डोक्याला एक भोक होतं, पेल्याएवढं, आणि ते नाकाशी आतून जोडलेलं असतं, त्यामुळे हौश्या श्वास सोडायचा तेव्हा त्या भोकातून गरम हवा यायची. घरातलं एक पोरगं वाकून बघत होतं. ते म्हणालं, "आतनं श्वास येतोय." आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ होती. ती खरवडायला घेतली. माझ्याजवळच्या त्या चार-पाच मिलीतलं तिथपर्यंत काहीही पोचलेलं असणं शक्य नव्हतं.

आणि तिथंच हौश्या हलायचा थांबला. शहारा नाही, आवाज नाही, काही नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बघा. झाला का शांत?"

हात धुवायला पाणी आजीनंच ओतलं. चहा दिला. निघताना पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या, पोरांना म्हणून. ती माझ्यावर चिडली असती तर मी ही हकिकत बहुधा विसरलोही असतो.

ही गोष्ट मी पुढे बऱ्याच ठिकाणी सांगितली. नव्या डॉक्टर पोरांना सांगितली, निवृत्तीच्या भाषणातसुद्धा सांगितली, आणि दर वेळी "साठा संपला होता" असं म्हणालो. संपला होताच. मागणीपत्र तीनदा गेलं होतं. पण तालुक्याच्या गावात मेडिकलच्या दुकानात ती बाटली मिळत होती. अकरा किलोमीटर. राजदूत दारात होती, टाकीत पेट्रोल होतं, बाटलीची किंमत माझ्या महिन्याच्या चहापेक्षा कमी होती. तो शनिवार होता. मला पाचची एसटी पकडून मिरजेला घरी जायचं होतं. एवढंच होतं.

ड्रेसिंगला एक दिवसाआड जात होतो. तिसऱ्या खेपेपासून राजदूतचा आवाज वळणावर आला की हौश्या दाव्याला ताण देऊन मागं सरायचा आणि उभ्या उभ्या मुतायचा. मालक हसायचा, "डॉक्टरची गाडी वळकतोय." मीही हसायचो. मनात म्हणायचो, पाव्हलॉव्हचा कुत्रा. घंटा वाजली की लाळ. नुसती सवय, आत कुणी बसलेलं नाही. दिवाळीच्या सुमाराला गाठ पुन्हा वर आली, तशी ती पुष्कळदा येते. पौषात त्याला खरसुंडीच्या बाजाराला नेला असं ऐकलं. एका शिंगाचा, आजारी बैल बाजारात कोण घेतो आणि कशाला, ते तुम्हालाही माहीत आहे.

पण त्यानंतर मी त्या वाडीचा रस्ता टाळायला लागलो. जायचंच झालं तर तलावाच्या अंगानं लांबून जायचो. बरीच वर्षं हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. लक्षात आलं तेव्हा पहिला विचार हा आला की, बैल गाडीच्या आवाजाला मागं सरतो ती नुसती सवय, मग मी आजीच्या घराला वळसा घालतो हे काय?

आता त्या १९९४ च्या डॉक्टरची बाजू मांडतो, कारण तो मूर्ख नव्हता आणि त्याच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो: झायलाझिननं नुसती गुंगी येत नाही, दुखणंही थोडं कमी होतं, पुस्तकात लिहिलंय. बरोबर आहे, लिहिलंय. तो म्हणतो: शिंग काढलं नसतं तर तो बैल डोक्यात सडत मेला असता, ते दुखणं तुझ्या पंधरा मिनिटांपेक्षा मोठं. हेही बरोबर. तो म्हणतो: डोळ्यांतलं पाणी धुरानं आलं असेल, शिंग जळत होतं, तुझ्याही डोळ्यांत आलं होतं. आलं होतं. तो म्हणतो: आज तू बाटल्या घेऊन फिरतोस कारण तुला पेन्शन आहे, दिवसाला दोन केस असतात, मला चाळीस गावं होती. याला मी काय सांगू? आणि शेवटी तो म्हणतो: प्रतिसाद म्हणजे वेदना नव्हे. लाजाळूही पान मिटते.

हे शेवटचं मात्र मला पंगतीत नेहमी ऐकावं लागतं, दुसऱ्या बाजूनं. मांसाहाराचा विषय निघाला की कुणीतरी जगदीशचंद्र बोसांना आणतोच. झाडांनाही जीव असतो, बोसांनी सिद्ध केलंय, मग मेथी कशी खाता? बोसांनी झाडं प्रतिसाद देतात हे फार नाजूक यंत्रांनी दाखवलं. ते मोठंच काम आहे. पण इजा टिपली जाणं वेगळं आणि ती कुणालातरी नकोशी होणं वेगळं, असं मी पंगतीत समजावून सांगतो. सांगता सांगता दर वेळी थबकतो, कारण मेथीला वाचवायला मी जो युक्तिवाद वापरतो तोच मी हौश्यावर वापरला होता.

मग फरक कसा ओळखायचा? मला पटलेला एक प्रयोग आहे, २००० साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेला. मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्या वजनानं लंगड्या होतात. अशा लंगड्या आणि धडधाकट कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं, एकात वेदनाशामक मिसळलेलं. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य जास्त खाल्लं, आणि लंगडेपणा जेवढा जास्त तेवढं औषध जास्त. कोंबडीला सांगता येत नाही, पण निवडता येतं. नुसती पाव्हलॉव्हची घंटा असती तर तिनं औषध शोधलं नसतं, असं मला वाटतं. 'वाटतं' हा शब्द मुद्दाम ठेवलाय. याच्याही उलट बोलणारे शास्त्रज्ञ आहेत आणि ते काही खाटीक नाहीत.

भाची मला जाहीरनामे पाठवते. २०१२ मध्ये केंब्रिजला शास्त्रज्ञ जमले, म्हणाले, सस्तन प्राणी, पक्षी, अगदी ऑक्टोपससुद्धा, यांच्याकडे जाणिवेला लागणारी मेंदूची सामग्री आहे. २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून आणखी एक आला, त्यात पाठीचा कणा असलेले सगळे प्राणी, शिवाय खेकडे, कीटक यांच्याही बाबतीत ही शक्यता खरी मानून चाला असं म्हटलंय. ब्रिटननं २०२२ च्या कायद्यात खेकडा-शेवंडाला जागा दिली. मी वाचतो, "छान" असा रिप्लाय देतो. चिडचिड होते ती त्यांच्यावर नाही. आजीला ही सामग्री पदराखाली हाताला लागली होती आणि पदवी माझ्याकडे होती, यावर होते.

आपल्या कायद्याचं म्हणाल तर प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आमच्याकडे स्टँडवर धड नाश्ता होत नाही. त्याच कायद्यात खच्चीकरण, शिंगं काढणं, डाग देणं, वेसण घालणं हे विहित पद्धतीनं केलं तर क्लेश धरू नयेत असं म्हटलंय. बैलगाडा शर्यतींवर सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये बंदी घातली, २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू झाल्या, २०२३ मध्ये घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा उचलून धरला. या सगळ्या काळात लोक मला विचारत होते, डॉक्टर तुम्ही कुणाच्या बाजूनं? मी म्हणायचो, शर्यतीच्या बैलाला खुराक मिळतो, मालीश मिळतं, तुमच्या औताच्या बैलाला काय मिळतं? हे उत्तर टाळ्या घेणारं होतं आणि प्रश्न चुकवणारंही.

हौश्या शांत झाला होता, त्याकडे परत येतो, कारण मला सगळ्यात जास्त छळतं ते तेच. शहारा मी समजू शकत होतो. शांतपणाला मी पुरावा मानलं. खूप पुढे, नात जन्मली तेव्हा, दवाखान्यात बसलो असताना एका बालरोगतज्ज्ञांशी गप्पा चालल्या होत्या. ते सहज म्हणाले, अहो, माणसांच्या तान्ह्या मुलांनाही ऐंशीच्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी धड भूल न देता कापत होते. स्नायू ढिले करणारं औषध द्यायचे, मूल हलायचं नाही. मज्जासंस्था कच्ची आहे, त्यांना कळत नाही, असं मानायचे. १९८७ मध्ये ऑक्सफर्डला आनंद नावाच्या एका भारतीय डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पुरेशी भूल दिली तर त्या बाळांच्या शरीरावरचा ताण कमी होतो, ती जास्त सुखरूप बाहेर येतात. तेव्हा कुठं चक्र फिरलं. समोर पाळण्यात नात झोपली होती. मी विचारलं, "आणि त्याआधीचे डॉक्टर काय म्हणत होते?" ते म्हणाले, "म्हणायचे काय, मूल शांत होतं ना."

मी चहा घ्यायला बाहेर गेलो.

त्यानंतर मी भुलीशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. ते हळूहळू, लाजत-काजत, बाटल्या स्वस्त झाल्या तसतसं झालं. मध्ये एक काळ असा होता की मी वेदनाशामक अगदी सढळ हातानं देत होतो. दुखतंय, दे डायक्लोफेनॅक. ताप, दे डायक्लोफेनॅक. पहिल्यांदाच जनावराच्या दुखण्याची कदर करत होतो म्हणून स्वतःवर खूष होतो. पुढे कळलं की असं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, तोवर देशातली गिधाडं जवळजवळ संपली होती. आता मेलोक्सिकॅम देतो. गिधाडांना काय वाटलं असेल हे मला कुणी विचारलेलं नाही, आणि विचारू नका.

उरलं मटण. भाचीला मी सांगितलेली उत्तरं क्रमानं देतो. पहिलं: बोकडाचं काही सेकंदांत संपतं, माझा बैल पंधरा मिनिटं तारेखाली होता. तिनं विचारलं, "सेकंद तू मोजलेस?" मोजले नाहीत. दुसरं: माणदेशात पाऊस नाही, शेळी-मेंढी नसती तर ही माणसं जगली नसती. ती म्हणाली, "तू मिरजेत राहतोस." तिसरं उत्तर माझ्याकडे नाही. रविवारी मटण असतं. पूर्वी मी स्वतः दुकानात जाऊन मांडीचा तुकडा बघून घ्यायचो, आता जात नाही, मुलगा आणतो. यानं बोकडाचं काय भलं झालं? काहीच नाही. मला लटकवलेलं दिसत नाही, एवढंच. आजीनं पदर ठेवला तो बैलाच्या डोळ्यावर. हा मी माझ्या डोळ्यावर ठेवलाय. भाचीला हे अजून सांगितलेलं नाही, ती इथं वाचेल.

कीर्तनात पैठणच्या रेड्याची गोष्ट लागते. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद बोलवले, तिथं लोक टाळ्या वाजवतात. पण त्याच्या आधी रेड्यावर आसूड ओढतात आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठतात, असंही त्यात आहे. बुवा तो भाग घाईत उरकतात. माझ्या पाठीवर कधी वळ उठले नाहीत, मी तपासून घेत होतो असंही नाही. रेड्यानं वेद म्हणावेत ही माझी अपेक्षा नाही. "अजून बधिर झालं नाही" एवढं एक वाक्य म्हणाला असता तर माझी नोकरी सोपी झाली असती.

तर, आपल्यासारखं दुखतं का? 'आपल्यासारखं' मला ठाऊक नाही. तुमची दाढ माझ्यासारखी दुखते का तेही ठाऊक नाही, पण तुमच्या बाबतीत मी तो वाद घालत बसत नाही.

गेल्या महिन्यात एका वस्तीवर गेलो होतो. दीड वर्षाचं खोंड, देखणं, कोसा रंग. दोन्ही नाड्यांत इंजेक्शन दिलं, घड्याळ लावलं. मालकानं विचारलं. मी म्हणालो, थांबा, लिहितोय त्यावर. तो हसला. दहा मिनिटांनी सुई टोचून बघितली, हललं नाही. चिमटा लावला. डावीकडे दोन्ही वेळा गप उभं राहिलं. उजवीकडे पहिल्या कट्टला त्याचा मागचा पाय उचलला गेला आणि कान मागं गेले. औषध त्या बाजूला कमी पडलं, की ते आवाजाला बुजलं, की खोडाच नकोसा झाला होता, मला सांगता आलं नाही. मालक माझ्याकडे बघत होता. एक कट्ट राहिला होता.

मी चिमटा काढून बादलीत ठेवला, आणखी थोडं लिग्नोकेन भरलं आणि पुन्हा घड्याळ लावलं.

"डॉक्टर, अजून दहा मिनिटं?" तो म्हणाला.

"चहा टाकायला सांगा," मी म्हणालो.